मैदान : वर गेलेले परत आले

लिथुआनिया या देशाचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावर आले असेल. युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी हा देश आहे. लोकसंख्या ३० लाखांच्याही आत. म्हणजे एकटे पुणे शहर माणसांच्या संख्येत या देशाला भारी पडेल. पण बास्केटबॉल म्हटले की मोठमोठ्या देशांना या चिमुकल्या देशाकडे मान वर करून पाहावे लागते. हे कसे घडले, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण त्यात खेळाइतकीच समाज उभा करण्याची गोष्ट आहे.

लिथुआनियात बास्केटबॉलची वरच्या दर्जाची व्यावसायिक लीग चालते. व्यावसायिक म्हणजे खेळाडू क्लबशी करार करतो आणि खेळण्याचा पगार घेतो. काउनास, विल्नियस, क्लाइपेडा, पानेवेझिस, शाउल्याय, उटेना अशा गावांचे आणि शहरांचे दहाच्या आसपास संघ त्यात असतात. पावसाळा संपता संपता आपल्याकडे जसे सण-समारंभ सुरू होतात, तसा तिकडे हंगाम सुरू होतो आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी विजेता ठरतो. यातला सर्वात जुना आणि गाजलेला क्लब म्हणजे काउनासचा झालगिरिस.

या नावातच इतिहास आहे. १४१० साली पोलंड आणि लिथुआनियाच्या फौजांनी मिळून जर्मन सरदारांच्या बलाढ्य सैन्याचा पराभव केला. त्या लढाईला तिकडे झालगिरिसची लढाई म्हणतात. आपल्याला भीमा कोरेगावचे नाव घेताच जसे ताठ उभे राहावेसे वाटते, तसेच त्यांचे या नावाशी नाते आहे. १९४० च्या दशकात हा देश सोव्हिएत रशियाच्या ताब्यात गेला. स्वतःचा झेंडा फडकवायला बंदी आली. अशा काळात या नावाचा संघ मैदानात उतरला की प्रेक्षकांना जे बोलता येत नव्हते, ते टाळ्यांतून बोलता येत होते.

१९८५, १९८६ आणि १९८७ अशी लागोपाठ तीन वर्षे झालगिरिसने सोव्हिएत संघराज्याचे अजिंक्यपद जिंकले. समोरचा मुख्य प्रतिस्पर्धी कोण? मॉस्कोचा सीएसकेए, म्हणजे खुद्द सोव्हिएत लष्कराचा क्लब! झालगिरिसच्या मध्यभागी उभा असायचा अर्विदास साबोनिस, सव्वासात फुटांचा काउनासचाच मुलगा. १९८८ च्या सेऊल ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाने बास्केटबॉलचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या संघाचे चार आधारस्तंभ लिथुआनियाचे होते. घाम त्यांचा होता, पण छातीवर नाव दुसऱ्याचे होते. कष्ट आपले आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही.

११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केले. देश मोकळा झाला खरा, पण तिजोरी रिकामी होती. खेळाडूंसाठी मात्र परदेशाचे दार उघडले होते. तिकडे पैसा होता, कीर्ती होती, सुखाचे आयुष्य होते. जो तो निघून गेला असता आणि मागे वळून पाहिले नसते, तर त्यांना दोष तरी कोणी दिला असता?

पण शारूनास मार्चुल्योनिस नावाच्या खेळाडूने काय केले पाहा. हाही काउनासचाच. १९८९ साली तो अमेरिकेच्या एनबीए या सर्वात मोठ्या लीगमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाकडे गेला. सोव्हिएत देशातून तिथे पोहोचलेल्या पहिल्या खेळाडूंपैकी तो एक. तिथे खेळत असतानाच त्याने स्वतंत्र लिथुआनियाचा संघ ऑलिम्पिकला पाठवण्यासाठी पैसा उभा केला. ग्रेटफुल डेड या अमेरिकन गायक-वादकांच्या चमूनेही हातभार लावला आणि खेळाडूंना रंगीबेरंगी सदरे दिले. १९९२ साली बार्सिलोनात कांस्यपदकासाठी गाठ पडली ती पूर्वीच्या सोव्हिएत देशांच्या एकत्रित संघाशी. लिथुआनियाने ८२-७८ असा सामना जिंकला. मार्चुल्योनिसचे २९ गुण, साबोनिसचे २७. या वेळी छातीवर नाव स्वतःच्या देशाचे होते.

इथे टाळ्या वाजवून थांबता आले असते. मार्चुल्योनिस थांबला नाही. त्याच वर्षी त्याने विल्नियसला मुलांसाठी बास्केटबॉलची शाळा काढली. १९९३ साली देशाची व्यावसायिक लीग उभी राहिली, तिच्या संस्थापकांत तोच पुढे होता. १९९४ साली साबोनिसच्या नावाने काउनासला शाळा निघाली. आज छोट्या गावातला मुलगा आधी अशा शाळेत शिकतो, मग गावच्या संघात येतो, तिथून लीगमध्ये जातो आणि जमले तर देशाबाहेर. एकेक पायरी बांधलेली आहे. एका उंच माणसाच्या जोरावर एक सामना जिंकता येतो. पिढ्यान् पिढ्या उंच माणसे निर्माण करायची असतील तर जिनाच बांधावा लागतो.

साबोनिस स्वतः १९९५ ते २००३ या काळात, मधले एक वर्ष सोडून, अमेरिकेत पोर्टलँडकडून खेळला. पायाच्या दुखापतींनी त्याचे तारुण्यातले उमेदीचे दिवस खाल्ले होते. तरी २००३ साली तो काउनासला परतला, झालगिरिसची धुरा हाती घेतली आणि एक हंगाम मैदानातही उतरला. वयाच्या ३९ व्या वर्षी तो युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेतला त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर शारूनास यासिकेविचुस परतला. बार्सिलोना, तेल अविव, अथेन्स इथल्या क्लबांना युरोपचे अजिंक्यपद मिळवून देणारा हा खेळाडू. त्याने झालगिरिसमध्ये शेवटचा हंगाम खेळला आणि २०१६ साली मुख्य प्रशिक्षक झाला. २०१८ साली त्याच्या संघाने युरोपात तिसरा क्रमांक मिळवला, तोही मॉस्कोच्या सीएसकेएला हरवून.

समाजाचे ऋण फेडणे म्हणजे फक्त आपल्याच रक्ताच्या माणसांपुरते पाहणे नव्हे, हेही याच क्लबच्या इतिहासात दिसते. २२ एप्रिल १९९९ रोजी जर्मनीत म्युनिक इथे झालगिरिसने इटलीच्या बोलोन्या संघाला ८२-७४ ने हरवले आणि युरोपचे अजिंक्यपद पटकावले. त्या अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? टायस एडनी, अमेरिकेतला कृष्णवर्णीय खेळाडू. उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे या खेळात ठेंगणाच. एडनीचे नाव काउनासकर आजही प्रेमाने घेतात.

याच शहराचा दुसराही इतिहास आहे आणि तो झाकून चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी काउनासमध्ये ३० हजारांहून अधिक ज्यू राहत होते. नाझींनी त्यांचा संहार केला आणि त्यात स्थानिक लोकही सामील होते. २९ ऑक्टोबर १९४१ या एका दिवशी शहराजवळच्या किल्ल्यात नऊ हजारांवर माणसे मारली गेली. स्वाभिमानात शेजाऱ्याला जागा असते, वंशाभिमानात नसते. ज्या शहराने शेजाऱ्यांचा बळी जाताना पाहिले, त्याच शहराने पुढे दूरदेशीच्या माणसाला खांद्यावर घेतले. पहिल्या पापाची त्याने फेड होत नाही, पण कोणत्या वाटेने जायचे हे मात्र कळते.

या क्लबवर संकटेही आली. एका धनवान मालकाच्या भरवशावर क्लब चालू होता. २०१३ साली त्या मालकाची बँकच बुडाली. क्लब कर्जात होता, खेळाडूंचे पगार थकले होते. सावरायला काही वर्षे लागली. काटकसर केली, तरुण मुलांना संधी दिली आणि मुख्य म्हणजे प्रेक्षकांनी तिकीट काढून येणे सोडले नाही. २०११ साली उघडलेल्या त्यांच्या नव्या बंदिस्त मैदानात पंधरा हजार माणसे बसतात आणि शहराची वस्ती आहे तीन लाखांच्या आसपास. एका दात्याची मोठी थैली कधी रिकामी होईल सांगता येत नाही. हजारो माणसांचे थोडे थोडे पैसे मात्र संस्थेला तारून नेतात. आपल्या विहार समित्यांनी आणि जयंती मंडळांनी हा धडा वहीत लिहून ठेवावा.

वाचक बंधू-भगिनींनो, १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकल्या-सवरल्या लोकांविषयी जी खंत व्यक्त केली, ती आपण दरवर्षी भाषणांतून ऐकतो. शिकलेला माणूस नोकरीला लागला की स्वतःचे पोट भरण्यात गुंग होतो, समाजाकडे पाठ फिरवतो, ही ती खंत. आज आपल्या वस्त्यांतून डॉक्टर झाले, इंजिनीयर झाले, बँकेत आणि मंत्रालयात साहेब झाले. त्यांनी चांगल्या घरात राहावे, मुलांना चांगल्या शाळेत घालावे, यात गैर काहीच नाही. मार्चुल्योनिसही अमेरिकेत गेला, चांगला पैसा कमावला. प्रश्न जाण्याचा नाही. प्रश्न आहे गेल्यावर परत काय पाठवले याचा. १४ एप्रिलला गाडीतून उतरून पुतळ्याला हार घातला आणि पुन्हा गाडीत बसले, एवढ्याने ऋण फिटत नाही. महिन्यातून दोन रविवार विहारात येऊन दहावीच्या मुलांना गणित शिकवले, तर त्यातून पायरी बांधली जाते.

आणि आता आई-वडिलांसाठी दोन शब्द. पोरगा किंवा पोरगी मैदानावर रमली की आपण म्हणतो, "खेळून पोट भरतं का?" प्रश्न खोटा नाही. लिथुआनियातसुद्धा शाळेत शिकणाऱ्या सगळ्याच मुलांना लीगमध्ये जागा मिळत नाही. मिळाली तरी करार एक-दोन वर्षांचा असतो, गुडघा गेला की खेळ संपतो आणि पस्तिशीच्या आसपास बहुतेकांना बूट खुंटीला टांगावे लागतात. म्हणून अभ्यास सोडून खेळ नको. पण अभ्यासासाठी खेळ बंद, हेही नको. वेळेवर उठणे, पाच जणांनी मिळून खेळणे, चेंडू मोकळ्या साथीदाराकडे देणे, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला येणे, हे शिक्षण कोणत्याही गाइडमध्ये मिळत नाही. आणि मुलींना तर ते आधी द्या. घरात पाणी भरण्यापासून धाकट्याला सांभाळण्यापर्यंत सगळे तिच्याच वाट्याला येते. संध्याकाळचा एक तास मैदान तिच्याही हक्काचे असू द्या.

बास्केटबॉलचे कडे जमिनीपासून दहा फूट उंच असते. काउनासमध्येही तेवढेच आणि आपल्या वस्तीतल्या शाळेच्या पटांगणातही तेवढेच. ते कोणासाठी खाली येत नाही आणि कोणाची जात विचारून वर जात नाही. तिथवर हात पोहोचायला खालून कोणीतरी शिकवणारा मात्र लागतो. तुमच्या वस्तीतून वर गेलेला असा एखादा माणूस असेल, तर या रविवारी त्याला विहारात बोलवा. भाषणाला नको, मुलांना शिकवायला बोलवा.

जयभीम!