भिंतीपलीकडचा तळ, अलीकडचा समाज

ठाण्याच्या बाळकुम नाक्यावरून कोलशेतकडे निघाले की टोलेजंग इमारतींच्या गर्दीत हवाई दलाच्या केंद्राची भिंत लागते. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत ही मूळची आगरी-कोळ्यांची गावे. पुढे येथे कारखाने आले, त्यांतले बरेच गेले आणि त्यांच्या जागी निवासी संकुले उभी राहिली. रिक्षावाल्याच्या तोंडी 'एअरफोर्स' हे आता एका थांब्याचे नाव आहे. या परिसरात नव्याने राहायला आलेले कुटुंब भिंतीकडे पाहून पहिला प्रश्न विचारते, 'विमाने कुठे आहेत?' येथे धावपट्टी नाही, असे कळले की दुसरा प्रश्न ठरलेला असतो : 'मग एवढी जागा कशाला अडवून ठेवली आहे?'

पहिला प्रश्न कुतूहलाचा आहे, त्याला हरकत नाही. दुसरा मात्र अज्ञानातून येतो, आणि हे अज्ञान सुशिक्षित मध्यमवर्गात अधिक आढळते. चित्रपटांनी आणि प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाने हवाई दलाची जी प्रतिमा मनावर ठसवली आहे, तिच्यात एक विमान असते आणि एक वैमानिक. त्या दोघांच्या मागे उभे असलेले गाव कुणाला दिसत नाही.

ते गाव पाहायचे तर पुण्याच्या लोहगावकडे वळावे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली उभारलेला हा तळ. १९९७ साली सुखोई-३० विमानांची पहिली तुकडी येथेच दाखल झाली. २७ सप्टेंबर २००२ रोजी त्याच विमानाची सुधारित एमकेआय आवृत्ती तत्कालीन संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या उपस्थितीत हवाई दलात आली, तीही येथेच. २००६ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम आणि २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी सुखोईतून उड्डाण केले, ते लोहगावच्याच धावपट्टीवरून. त्या सुमारे अर्ध्या तासाच्या उड्डाणांची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. त्यासाठी पहाटेपासून राबलेले हात कोणत्याही छायाचित्रात आले नाहीत.

लढाऊ विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये साधारणपणे सोळा ते अठरा विमाने असतात. पण एकटे स्क्वाड्रन म्हणजे तळ नव्हे. विमान सुटण्यापूर्वी हवामान विभागाचा अहवाल यावा लागतो. धावपट्टी झाडावी लागते, कारण इंजिनाने शोषून घेतलेला एक खडा कोट्यवधींचे इंजिन निकामी करतो. विमानाखाली क्षेपणास्त्रे लावणारा शस्त्रविभाग वेगळा, इंधन भरणारे वेगळे. वैमानिकाचे हवाई छत्र घडी घालून ठेवणारा तंत्रज्ञ तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. पण संकटसमयी बाहेर फेकल्या जाणाऱ्या वैमानिकाचे प्राण त्या घडीवर अवलंबून असतात. याखेरीज उड्डाण-नियंत्रण, राडार, दळणवळण, अग्निशमन, रुग्णालय, भांडार, विमानभेदी क्षेपणास्त्रांचे पथक, हवाई दलाचे पोलीस आणि २००४ साली उभे राहिलेले 'गरुड' कमांडो. इमारती व धावपट्टीची देखभाल करणारी मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिस आहेच. डोंगरमाथ्यावरची राडार केंद्रे, संदेशवहनाची ठाणी, भांडारे, दुरुस्तीची आगारे अशा धावपट्टी नसलेल्या अनेक केंद्रांचाही या व्यवस्थेला आधार असतो. नाशिकजवळच्या ओझरला विमाने बांधली व दुरुस्त केली जातात, तेव्हा कुठे लोहगावहून ती झेपावतात. 'विमान नाही, मग केंद्र कशाला?' हा प्रश्न म्हणूनच 'तोफ नाही, मग दारूगोळ्याचे कोठार कशाला?' असे विचारण्यासारखा आहे.

शत्रूला हे नीट कळते. ५ जून १९६७ च्या सकाळी इस्रायलने इजिप्तच्या हवाई दलाचा कणा अवघ्या काही तासांत मोडला. ती विमाने आकाशात नव्हे, तळांवर उभी असताना नष्ट झाली. आपल्यालाही हा धडा त्याआधी मिळाला होता. ६ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोट तळावर अचानक हल्ला चढवला आणि दहाच्या आसपास विमाने जमिनीवरच गेली. त्यांत दोन नवीकोरी मिग-२१ होती. तो घाव हवाई दल विसरले नाही. विमानांसाठी भक्कम निवारे बांधले गेले, विमाने विखरून ठेवण्याची पद्धत रुजली. म्हणूनच ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या अनेक तळांवर एकाच वेळी बाँब टाकले, तेव्हा धावपट्ट्यांना खड्डे पडले. विमाने सुरक्षित राहिली. १९६५ आणि १९७१ यांतील फरकाचे मोठे श्रेय सहा वर्षे तळांवर ओतल्या गेलेल्या सिमेंटला आणि घामाला आहे. याची नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांनी घेतलेली नाही. त्यांना इतर विषय अधिक निकडीचे वाटत असावेत.

२०१६ च्या जानेवारीत पठाणकोटवर पुन्हा घाला पडला, या वेळी जमिनीवरून. अतिरेकी विमानांपर्यंत पोहोचू शकले नाहीत. ज्या सात जवानांनी प्राण दिले, त्यांतले पाच डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे होते. सैन्यातून निवृत्त होऊन पुन्हा पहाऱ्यावर उभे राहिलेले हे जवान. आणि मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी भारताने पाकिस्तानच्या नूर खान, सरगोधा, रहीमयार खान, भोलारी आदी तळांवर अचूक मारा केला, तेव्हा शत्रूचा हात जेथून उठतो ते खांदेच निखळले. उलट आदमपूरचा आपला तळ उद्ध्वस्त केल्याची आवई पाकिस्तानने उठवली आणि १३ मे रोजी पंतप्रधान त्याच तळावर जाऊन जवानांसमोर उभे राहिले. एका तळाचे शाबूत असणे हे राष्ट्राच्या शाबूत असण्याचे चिन्ह ठरले.

परंतु तळ केवळ गणवेशातल्या माणसांच्या बळावर टिकत नाही. १९७१ च्या डिसेंबरात भूजच्या तळाची सूत्रे स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक या मराठी अधिकाऱ्याकडे होती. ८ डिसेंबरच्या रात्री झालेल्या बाँबफेकीत धावपट्टी निकामी झाली. दुरुस्तीला माणसे नव्हती. शेजारच्या माधापर गावातील सुमारे तीनशे स्त्रिया पुढे आल्या. शत्रूची विमाने घिरट्या घालू लागली की त्या भोंग्याबरोबर झुडपांत दडत आणि भोंगा थांबला की पुन्हा घमेली उचलत. बहात्तर तासांत धावपट्टी उभी राहिली. त्या भगिनींना कुणी राष्ट्रवादावर व्याख्यान दिले नव्हते. तळ आपला आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

माधापर आणि आजचे पुणे यांची तुलना मनाला लागते. लोहगाव उभारला तेव्हा भोवती शेते होती. शहर वाढत वाढत भिंतीला येऊन भिडले. २०१७ साली उरलेले लोहगाव गावही महापालिकेत आले. त्याच धावपट्टीवरून नागरी विमानेही उडतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये डागडुजीसाठी ती चौदा दिवस बंद राहिली, तेव्हा प्रवाशांच्या गैरसोयीचीच चर्चा झाली. सुखोईला चांगली धावपट्टी लागते, हा विचार फारसा कुणाला शिवला नाही. कचऱ्याची कथा याहून वाईट. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कचरा टाकण्यास मनाई करणारा नियम १९३७ च्या विमान नियमावलीतच आहे. कचऱ्यावर घारी जमतात आणि घार इंजिनात शिरली की काय होते, हे सांगायला तज्ज्ञ नको.

बाळकुमच्या भिंतीपाशी प्रश्न घारींचा नाही, मजल्यांचा आहे. कुलाब्याच्या 'आदर्श' प्रकरणात संरक्षण क्षेत्रालगतच्या भूखंडावर नेते, बाबू आणि काही सेनाधिकारी यांनी मिळून इमला चढवला. २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. त्यानंतर १८ मे २०११ च्या परिपत्रकाने संरक्षण आस्थापनांपासून शंभर मीटरपर्यंतच्या आणि चार मजल्यांहून उंच इमारतींच्या बाबतीत पाचशे मीटरपर्यंतच्या बांधकामांवर बंधने आणली. २०१६ मध्ये अनेक आस्थापनांसाठी हे अंतर दहा मीटरपर्यंत खाली आणले गेले. जुन्या, गळक्या इमारतीत राहणाऱ्या सामान्य कुटुंबाची पुनर्विकासाची आस खोटी नाही. त्याचे घर वर्षानुवर्षे ना-हरकत दाखल्यासाठी लटकून राहावे, हे कोणत्याही शासनाला शोभत नाही. निर्णय मुदतीत झाला पाहिजे आणि नकार असेल तर कारणासह मिळाला पाहिजे. मात्र या कुटुंबाच्या अश्रूंआडून तीसमजली मनोरा रेटणारा विकासक वेगळा. त्याची तक्रार आणि रहिवाशाची तक्रार एकाच अर्जावर येऊ देऊ नये. स्थानिक कार्यकर्त्यांनी हा विवेक राखला, तर प्रश्नाचा निम्मा गुंता सुटेल.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्या यादीत ठाण्याचेही नाव होते. त्या आठवड्यात लष्करी हालचालींची चित्रे प्रसारित करू नका, असे सरकारला पुनःपुन्हा सांगावे लागले. भ्रमणध्वनी हातात असलेला प्रत्येक जण त्या दिवसांत नकळत शत्रूचा टेहळ्या होऊ शकत होता.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी त्यानंतर २९ उरली. ऑक्टोबरात नाशिकहून तेजस एमके-१ए ने पहिली झेप घेतली, ही आशेची खूण. पण विमाने आली तरी त्यांना तंत्रज्ञ लागतील, राडारसमोर रात्र जागवणारे लागतील, हवाई छत्राची घडी घालणारे लागतील. बाळकुमच्या संकुलांतून अभियंते भरपूर निघतात. त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी हवाई दलाच्या भरतीची जाहिरात मोठ्याने वाचली जाते?