काठ सुटला पाहिजे

विणलेली टोपी किती ताणली जाईल हे तिच्या काठावर ठरते, आणि काठ ठरतो टाके घालताना. वरची उलटसुलट पट्टी कितीही ताणत असो, खालची पहिली ओळ तेवढी सुटली नाही तर टोपी डोक्यात जात नाही, आणि गेलीच तर कपाळावर वळ उठवते. मोठ्यांच्या टोपीत हे खपून जाते. नवजात बाळाच्या टोपीत नाही.

जव्हार-मोखाड्यातल्या बाळांसाठी विणताना हा मुद्दा सर्वांत आधी येतो. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, मोखाड्यातले सूर्यमाळ त्याहून वर. कारवीच्या कुडाच्या घरात हिवाळ्यातला पहाटेचा गारठा सहज आत येतो. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे इथले कुपोषण राज्यभर गाजले. कमी वजनाच्या बाळांचा प्रश्न तेव्हा संपला नाही, आजही संपलेला नाही. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची ‘कांगारू मदर केअर’ पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. त्यात बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी एवढेच असते. नवजाताच्या कातडीचा जवळपास पाचवा भाग डोक्यावर असतो, म्हणून टोपीला इतके महत्त्व.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः सुमारे ३४ सेंटिमीटर असतो, महिन्याने ३७ च्या आसपास. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा तो ३० किंवा त्याहूनही कमी भरतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात, आणि सोबत नेलेल्या टोपीला दुसरी जोड असेलच असे नाही. म्हणजे २७ सेंटिमीटरची टोपी ३७ पर्यंत सुटली पाहिजे आणि काढल्यावर पुन्हा २७ वर आली पाहिजे. १० नंबरच्या सुईवर दहा सेंटिमीटरला २४ टाके बसत असतील, तर अशा टोपीला ६४ टाके पुरतात.

काठ घट्ट झाला की ‘जाड सुईवर टाके घाला’ किंवा ‘दोन सुया एकत्र धरून घाला’ हा सल्ला हमखास मिळतो. तो निम्माच खरा आहे. जाड सुईने सुईवरचे फास मोठे होतात, पण काठ आवळतो तो दोन टाक्यांच्या मधला, तळातला धागा. तो तेवढाच राहिला तर पहिली ओळ ढगळ दिसते आणि काठ मात्र ताणत नाही. खरा उपाय टाक्यांमध्ये अंतर ठेवण्याचा. टाका ओढल्यावर उजव्या हाताची तर्जनी त्याच्या शेजारी सुईवर टेकवावी आणि पुढचा टाका बोटापलीकडे घालावा. अंगठ्यावरच्या नेहमीच्या पद्धतीत एवढ्यानेच बराच फरक पडतो. धाग्याचे शेपूट मात्र लांब लागते: ६४ टाक्यांना साधारण एक मीटर, अंतर ठेवून घातल्यास आणखी वीतभर.

याहून जास्त ताण हवा तर जुनी नॉर्वेजियन पद्धत घ्यावी. धागे अंगठा-तर्जनीवर नेहमीसारखेच धरायचे. सुई अंगठ्यावरच्या दोन्ही धाग्यांखालून पलीकडे न्यायची, तिथून फासात वरून खाली घालून पुढच्या धाग्याखालून अलीकडे काढायची, तर्जनीवरचा धागा उचलायचा. मग अंगठा वाकवला की फासाचा पीळ उघडतो, त्यातून तो धागा बाहेर आणायचा. हा जादा पीळ म्हणजेच तळाला मिळालेला जादा धागा. हात बसायला एक संध्याकाळ जाते, पण टोपी आणि मोज्यांसाठी सर्वांत भरवशाची पद्धत हीच. एक सुलट एक उलट पट्टीला इटालियन पद्धतीचा नळीसारखा काठ फार देखणा दिसतो. त्यात पहिल्या दोन ओळींत सुलट टाके विणायचे आणि उलट टाके, धागा पुढे ठेवून, न विणता सरकवायचे. मात्र तो काठ पसरट होऊ नये म्हणून या ओळी १२ नंबरच्या सुईवर घ्याव्यात. एकेक सरकगाठीचा काठ सर्वांत जास्त ताणतो, पण झालरीसारखा फाकतो आणि कानावर बसत नाही. दोन टाक्यांमधून धागा काढून घातलेला दोरीसारखा काठ स्वेटरच्या खिशाला शोभतो. बाळाच्या टोपीला तो नकोच.

धाग्याचाही हिशेब आहे. सुती धागा ताणून परत येत नाही. खरी लोकर येते, पण गरम पाण्यात चोळून धुतली की आटते. बाजारात लोकर म्हणून मिळते ते बहुधा ॲक्रिलिक असते; ते पाणी कमी धरते, त्यामुळे जव्हारच्या पावसाळ्यातही त्यातल्या त्यात लवकर वाळते. त्याला इस्त्री मात्र लावू नये, ताण कायमचा मरतो.

टोपीचे टाके घालण्याआधी २० टाक्यांचा नमुना विणून काठ मोजपट्टीवर ताणून पाहावा. वरच्या विणीइतकाच तो लांबला पाहिजे, आणि सोडल्यावर लाटा न धरता परतला पाहिजे. मोज्यांत आणखी एक गोष्ट: आतले सुटे धागे पक्के ओवून टाकावेत, कारण बाळाच्या पायाची बोटे त्यांत अडकून त्यांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मोजा बोटांकडून वर विणला असेल, तर पोटरीकडची कड टाके बंद करताना तयार होते, तेव्हा तिथेही तेवढाच ढिला हात हवा.