खुब्याची शस्त्रक्रिया आणि दाहशामक गोळी

खुब्याचा सांधा बदलून रुग्ण घरी परतला की वेदनाशामक गोळ्यांकडे आपण केवळ दुखणे थांबवणारे साधन म्हणून पाहतो. इंडोमेथॅसिन, आयबुप्रोफेन यांसारख्या दाहशामक गोळ्या मात्र कधी कधी निराळ्याच हेतूने दिल्या जातात. वाचकांनी तो हेतू आणि त्याची मर्यादा, दोन्ही जाणून घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या सांध्याभोवतीच्या स्नायूंत, जिथे हाड असू नये तिथे, हाड तयार होऊ लागते. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवत नाही. थोड्यांचा सांधा मात्र आखडतो. पुरुषांमध्ये, मणक्यांना ताठरपणा आणणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या रुग्णांमध्ये आणि पूर्वी असे हाड वाढलेल्यांमध्ये हा धोका अधिक असतो. दाहाची प्रक्रिया आरंभीच रोखली तर ही वाढ कमी होते.

मग ही गोळी सर्वांनाच का देऊ नये? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील 902 रुग्णांवरील अभ्यासाचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना चौदा दिवस रोज 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिले गेले. क्ष-किरण चित्रात नको असलेले हाड कमी दिसले. परंतु सहा ते बारा महिन्यांनंतर वेदना आणि हालचाल यांत फरक आढळला नाही. उलट, रुग्णालयातील मुक्कामात गंभीर रक्तस्रावाचा धोका वाढल्याचे दिसले. चित्र सुधारले म्हणजे चालणे सुधारलेच, असे नव्हे.

हा धोका आपल्याकडे विशेष ध्यानात ठेवावा. शस्त्रक्रिया ठाण्यात वा मुंबईत, हृदयाची तपासणी कल्याणला आणि नेहमीचे डॉक्टर डोंबिवलीत घराजवळ, अशी विभागणी अनेक कुटुंबांत असते. एकाने रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध दिलेले असते. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणखी एक वेदनाशामक गोळी आपणच आणतो. दोन्ही मिळून रक्तस्राव ओढवू शकतो. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असल्यास अधिकच सावध राहावे.

म्हणून घरातील सर्व औषधांची एकच यादी करावी आणि प्रत्येक डॉक्टरांना ती दाखवावी. दाहशामक गोळी कशासाठी, किती दिवस आणि जठराच्या संरक्षणासाठी सोबत काही घ्यावे काय, हे स्पष्ट विचारावे. रक्त पातळ ठेवणारे औषध स्वतःहून बंद करू नये. शौचास काळी होणे, रक्ताची उलटी किंवा जखमेतून रक्त वाहणे आढळल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. पोटरीला अचानक सूज आली किंवा धाप लागली, तर ती गुठळीची खूण असू शकते. तेव्हाही विलंब नको.

शेजाऱ्यांच्या खुब्याला मानवलेली गोळी आपल्या रुग्णाला मानवेलच असे नाही. तो निर्णय शल्यचिकित्सकांचा. त्यांच्यापुढे संपूर्ण माहिती ठेवणे हे आपले काम.