चिलिकाचा तळ काय सांगतो?

ओडिशातील चिलिका सरोवराची चर्चा हिवाळी पाहुण्या पक्ष्यांपासून सुरू होते आणि सातपाड्याच्या डॉल्फिनपाशी संपते. तळाच्या चिखलात राहणाऱ्या कृमी, शिंपले, गोगलगायींची आठवण सहसा कोणाला होत नाही. वास्तविक कोळंबी, चिंबोऱ्या आणि नलबणाच्या उथळ चिखलात चोच खुपसणारे पक्षी याच तळावर पोसले जातात. पर्यायाने सरोवरावर जगणारे सुमारे दोन लाख मच्छीमारही.

हा तळ सर्वत्र सारखा नाही. उन्हाळ्यात सुमारे ९०० आणि पावसाळ्यात ११०० चौरस किलोमीटरहून अधिक पसरणाऱ्या चिलिकाचे चार भाग मानले जातात. उत्तरेस महानदीच्या दया, भार्गवी या शाखा गोडे पाणी आणि गाळ आणून ओततात. पावसाळ्यात तेथील खारेपणा जवळजवळ नाहीसा होतो, उन्हाळ्यात पुन्हा चढतो. हा हेलकावा सोसणाऱ्या जाती मोजक्याच. चिवट वलयी कृमी, कीटकांच्या अळ्या अशांचेच तेथे फावते. समुद्राकडील चिंचोळ्या भागात भरती-ओहोटी खेळते, तळ वाळूचा असतो आणि सागरी जातींची भर पडते. दक्षिणेस रंभाच्या बाजूला पाणी संथ, खारेपणा बराचसा स्थिर. तेथील समुद्री गवताची मुळे गाळ धरून ठेवतात आणि त्यांच्या आडोशाला बारीक कवचधारी प्राणी, शंख-शिंपले वाढतात. मधला भाग या साऱ्यांच्या सीमेवरचा. नेल्सन ॲनंडेल आणि स्टॅन्ली केम्प यांनी येथील प्राणिजीवनाची पद्धतशीर पाहणी केली, त्याला शंभर वर्षे उलटून गेली. म्हणजे हा विषय काही नवा नव्हे.

गाळाने मुख आकसल्यामुळे १९९३ मध्ये चिलिकाची नोंद रामसर कराराच्या धोक्यातील पाणथळींच्या यादीत झाली. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खोदण्यात आले. १९९९-२००० मधील सुमारे पावणेदोन हजार टनांची मासळी दोन वर्षांत बारा हजार टनांच्या घरात गेली आणि २००२ मध्ये त्या यादीतून नावही निघाले. हे यश निर्विवाद आहे. मात्र मासळीचा आकडा साऱ्या सरोवराचा असतो. खारे पाणी आत आले, की सागरी जातींचे क्षेत्र वाढते आणि गोड्या पाण्यातील जाती मागे रेटल्या जातात. हा लाभ-तोटा त्या एका आकड्यात दिसत नाही.

कोळंबीच्या 'घेरीं'चे दुखणे तर वेगळेच. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिकाच्या काठापासून हजार मीटरच्या आत कोळंबी संवर्धनास मनाई केली. तरीही घेरी हटविण्याच्या मोहिमा पुढे वर्षानुवर्षे काढाव्या लागल्या. बांधाआड प्रवाह मंदावतो, सेंद्रिय गाळ साचतो, तळाशी प्राणवायू घटतो. अशा जागी जीवांची संख्या कधी कधी प्रचंड भरते, पण जाती दोन-चारच! केवळ डोकी मोजणाऱ्याला हा तळ समृद्धच वाटेल.

मे २०१९ मध्ये 'फनी' चक्रीवादळाने किनाऱ्यावर आणखी मुखे फोडली आणि खारेपणाचे गणित पुन्हा बदलले. मुख खोदावे की बुजू द्यावे, हा प्रश्न यापुढेही येणारच. त्यासाठी चारही भागांतील चिखल पावसाळ्याआधी व नंतर चाळून जाती मोजणे हे काम फारसे खर्चाचे नाही. मात्र चारांची सरासरी काढली, तर ते वाया जाईल.