वेलचीच्या आडून सुपारी : बसवरच्या जाहिरातीचे बिल कोण भरतो?



वाचता वाचता एक छोटी तपासणी करा. हाताची मधली तीन बोटे एकमेकांना चिकटवा आणि उभी धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. आत गेली? मग तुमचे तोंड पुरेसे उघडते.

मध्यंतरी माझ्याकडे विशीतला एक मुलगा आला होता. त्याचे जेमतेम एक बोट आत जात होते. तक्रार एवढीच, की भाजीतले तिखट सोसत नाही, तोंडाची आग होते. अकरावीपासून रोज पान मसाल्याच्या चार-पाच पुड्या. वर मला म्हणाला, "डॉक्टर, तंबाखूला हात लावत नाही. नुसती सुपारी असते."

"नुसती" सुपारी काय करते?

सुपारीत अरेकोलिन नावाचे द्रव्य असते. त्यामुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली कोलॅजेनचे तंतू प्रमाणाबाहेर साठू लागतात. मऊ गाल चामड्यासारखा ताठ होतो, पांढरा पडतो आणि तोंड उघडेनासे होते. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारी सोडली, व्यायाम केले, औषधे घेतली तर आजार रोखता येतो, थोडाफार आरामही पडतो. पण गाल पूर्ववत होत नाही. काही रुग्णांत पुढे याच जागी कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच स्पष्ट केले, की तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा माणसात कर्करोग घडवते.

आता बसकडे पाहा

माझ्या दवाखान्यासमोर बसथांबा आहे. तिथे थांबणाऱ्या बसवर एक चकाकती जाहिरात असते : हसरा चेहरा, सोनेरी अक्षरे आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत "वेलची". मला सांगा, वेलदोडा घ्यायला गेल्यावर तुम्ही वाण्याला कधी ब्रँड विचारला आहे का? ते नाव, तो रंग, ती अक्षरे तुम्हाला पान मसाल्याच्या पुडीवरून ओळखीची झालेली आहेत. वेलची हा फक्त बुरखा आहे.

बुरखा का लागतो? तंबाखूच्या थेट आणि आडवळणाच्या जाहिरातींवर 2003 च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटखा आणि पान मसाल्याच्या विक्रीवरच बंदी घातली. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा छुप्या जाहिरातींना मनाई केली. म्हणजे जो माल राज्यात विकता येत नाही, त्याचे नाव जनतेच्या पैशाने चालणाऱ्या बसवरून गावभर फिरते! आणि शाळेचा पास काढून रोज त्याच बसने जाणारी मुले ते नाव पाठ करतात.

"पण डॉक्टर, बस तोट्यात आहे. पैसा आणायचा कुठून?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो खरा आहे. बस टिकलीच पाहिजे. ती बंद पडली तर माझे अर्धे रुग्ण दवाखान्यात पोहोचणार नाहीत. बसवर जाहिरातच नको, असेही माझे म्हणणे नाही. साबण, बँक, सिनेमा, शिकवणी वर्ग, खुशाल लावा. आक्षेप फक्त रोग विकणाऱ्यांना आहे.

लंडनचे उदाहरण घ्या. तिथल्या सार्वजनिक वाहतुकीने फेब्रुवारी 2019 पासून अति साखर, मीठ आणि चरबी असलेल्या पदार्थांच्या जाहिराती बंद केल्या. आधी हीच ओरड झाली, की उत्पन्न बुडेल. प्रत्यक्षात पुढच्या वर्षी जाहिरातींचे उत्पन्न सुमारे 23 लाख पौंडांनी वाढले. आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की बंदी नसती तर जेवढी खरेदी झाली असती त्या तुलनेत अशा पदार्थांतून घरात येणाऱ्या उष्मांकांत दर आठवड्याला, दर घरामागे सुमारे 1000 कॅलरींची घट झाली. "जाहिरात बघून कोण खातो?" म्हणणाऱ्यांनी हे वाचावे. कोणी खात नसेल, तर कंपन्या पैसे कशाला मोजतात?

दुसरे असे, की बसचा फायदा फक्त तिकीट काढणाऱ्याला होत नाही. कामगार वेळेवर पोहोचतो तो मालकाचा फायदा. थांब्याजवळच्या दुकानाचा गल्ला भरतो, घराची किंमत वाढते. फ्रान्सने हे ओळखून 1971 मध्ये पॅरिस भागात मालकांवर पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर लावला. पुढे तो इतर शहरांत गेला आणि आजही चालू आहे. आपल्याकडेही मुंबई, पुणे, ठाणे, नागपुरात घर घेताना मुद्रांक शुल्कासोबत मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी 1 टक्का अधिभार घेतला जातो. मेट्रोसाठी हे जमते, तर बससाठी का नाही?

आणि हिशोब पुरता मांडा. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी यांचा खर्च गरीब रुग्णासाठी राज्य सरकार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उचलते. एका खिशात जाहिरातीचे भाडे येते आणि दुसऱ्या खिशातून उपचारांचे बिल जाते. दोन्ही खिसे तुमचे-आमचेच आहेत. गेलेला जबडा मात्र एकट्या रुग्णाचा असतो.

तुम्ही काय करू शकता?

• अशी जाहिरात दिसली की फोटो काढा. मार्ग क्रमांक आणि तारीख लिहून वाहतूक व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार नोंदवता येते.
• नगरसेवक किंवा आमदार मत मागायला आले की विचारा : बसवर सुपारीची छुपी जाहिरात चालेल का? आणि बससाठी अंदाजपत्रकात किती ठेवणार?
• घरातल्या मुलांची तीन बोटांची तपासणी करा. बोटे जात नसतील, गाल पांढरा-ताठ लागत असेल, किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.
• पुडीत तंबाखू असेल आणि सवय सुटत नसेल, तर 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर मदत मिळते.

तो मुलगा आता व्यायाम करतो, सुपारी बंद आहे. दीड बोट जाऊ लागले आहे. पण घरी जाण्यासाठी त्याला आजही त्याच थांब्यावर उभे राहावे लागते, आणि समोर येणाऱ्या बसवर तेच नाव असते.