गवंड्याची मजुरी आणि धारणाधिकार

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण यजमानाच्या तोंडची आहे. गवंड्याच्या तोंडची नव्हे. यजमानाचे हाल पुष्कळांनीं वर्णिले आहेत. परंतु घर उभें राहिलें, वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले आणि गवंड्याचा अखेरचा हप्ता मात्र राहून गेला, अशा प्रसंगीं त्या गवंड्यानें काय करावें, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आपल्या कोल्हापुरांत गुजरींतील सोनाराकडे जुन्या पाटल्या मोडून नव्या घडविण्यास दिल्या, तर घडणावळ चुकती होईपर्यंत त्या स्वतःपाशीं ठेवण्याचा त्यास अधिकार आहे. उद्यमनगरांत मोटार दुरुस्तीस टाकली तरी हाच न्याय. कित्येकांस ही अडवणूक वाटते; परंतु ती कायद्यास धरून आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या १७० व्या कलमाप्रमाणें, स्वाधीन केलेल्या जिनसेवर ज्यानें ठरल्याप्रमाणें श्रम किंवा कौशल्य खर्चिलें, त्यास योग्य मोबदला मिळेपर्यंत ती जिन्नस ठेवून घेतां येते. यासच धारणाधिकार म्हणतात. त्या कलमाखालीं दोन उदाहरणें दिलीं आहेत. पैलू पाडण्यास दिलेला हिरा जवाहिऱ्यास मजुरी मिळेपर्यंत ठेवतां येतो. परंतु कोट शिवून होतांच देईन व पैसे तीन महिन्यांनीं घेईन, असें कबूल करणाऱ्या शिंप्यास कोट अडवितां येत नाहीं. म्हणजे जिन्नस ताब्यांत असेल तोंवरच हा हक्क, आणि उधारी कबूल केली कीं तो गेला.

आतां गवंड्याकडे वळूं. त्याचेंही काम श्रमाचें व कौशल्याचेंच. परंतु भिंत जमिनीस जखडलेली, जमीन यजमानाची आणि ताबाही यजमानाचा. वरील कलम जंगम मालापुरतें असल्यामुळें घर बांधणारास घर धरून बसतां येत नाहीं. विटा, वाळू, सिमेंट पुरविणाऱ्याची स्थिति किंचित् बरी, पण थोडा वेळच. १९३० च्या मालविक्री अधिनियमान्वयें किंमत न मिळालेल्या विक्रेत्यास माल आपल्या ताब्यांत असेपर्यंत रोखतां येतो. ट्रक रिकामा होऊन माल गिऱ्हाइकाच्या हातीं गेला कीं उरते ती केवळ पैशाची फिर्याद, आणि तिलाही सामान्यतः तीन वर्षांची मुदत. २०२५ सालीं थकलेल्या बिलांसाठीं महाराष्ट्रांतील सरकारी कामांच्या कंत्राटदारांस आंदोलन करावें लागलें, तें याच अडचणीपायीं; केलेला रस्ता गुंडाळून घरीं नेतां येत नाहीं!

यांतील विषमता पाहण्यासारखी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणें, खरेदीखत होऊनही किंमत राहिली असेल, तर जागा विकणाऱ्याच्या बाकीचा बोजा त्या जागेवर राहतो. त्याच जागेवर घर उभारणाऱ्याच्या बाकीचा बोजा मात्र राहत नाहीं.

अमेरिकेंत याचा निराळा विचार झाला. वॉशिंग्टन ही नवी राजधानी उभारावयाची असतां, १७९१ सालीं मेरीलँड संस्थानानें बांधणाऱ्यांस व सामान पुरविणाऱ्यांस त्या इमारतीवरच हक्क देणारा कायदा केला. पुढें तसे कायदे तेथील सर्व संस्थानांत झाले. ठराविक मुदतींत हक्काची नोंद केली पाहिजे. ती चुकली तर हक्क बुडतो. कंत्राटदारास माल देणाऱ्या दुकानदारासही, यजमानाशीं करार नसतां, बहुधा हा हक्क असतो. त्यामुळें कंत्राटदारास सारे पैसे देऊनही दुकानदाराचें देणें यजमानावर येण्याचा धोका तेथें आहे. म्हणून हप्ता देतांना हक्कसोडपत्रें मागून घेण्याची तिकडे वहिवाट आहे. आपल्याकडे यजमान या संकटांतून सुटतो. परंतु त्याची किंमत गवंडी आणि दुकानदार भरतात.

आमच्या पूर्वजांस हा विषय क्षुद्र वाटला नव्हता. मनुस्मृतींत व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. वेतन न देणें हें त्यांतील एक स्वतंत्र पद आहे.

तेव्हां घर बांधणाऱ्या गृहस्थांस आमचें सांगणें इतकेंच. करार लेखी करावा, आणि पाया, छत, गिलावा अशा टप्प्यांवर हप्ते बांधून द्यावे. हप्ता देतांना सामानाच्या दुकानदाराची पावती पाहावी. कामांत दोष असेल तर तो लिहून कळवावा व तेवढीच रक्कम राखावी. एका गळक्या मोरीसाठीं सारा हिशेब अडकवूं नये. अखेरचा हप्ता वास्तुशांतीच्या खर्चाआधींच बाजूस काढून ठेवावा. सोनाराच्या हातीं पाटल्या असतात, गवंड्याच्या हातीं यजमानाच्या शब्दावांचून कांहीं नसतें, हें घरांतील कर्त्या माणसांनीं विसरूं नये.