हसू का येत नाही?

इंग्रजी विनोदी मालिका पाहताना चारजण हसले आणि आपण हसलो नाही, की मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला आपल्या इंग्रजीचीच शंका येऊ लागते. मग तो इतरांकडे पाहून हसतो. या उसन्या हसण्याविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मी ग्वाल्हेरला, खासगी बाजारात आत्याकडे होते. तिथे आतेभावाबरोबर बी.बी.सी.ची 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' ही १९८१ साली सुरू झालेली मालिका पाहिली. तिचा नायक लंडनच्या पेकम भागातला, मिळेल तो माल विकणारा विक्रेता. लंडनच्या बाजारी बोलीत 'पोनी' म्हणजे २५ पौंड आणि 'मंकी' म्हणजे ५०० पौंड. आम्ही दोघेही वाणिज्य शाखेचे. पण तट्टू आणि माकड कोणत्या खात्यावर मांडायचे हे कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही! पडद्याखाली इंग्रजी अक्षरे उमटत होती. शब्द कळत होते, विनोद हुकत होता.

यात व्याकरणाचा काय दोष? आपल्याकडे 'पेटी' म्हणजे लाख आणि 'खोका' म्हणजे कोटी. २०२२ साली महाराष्ट्रात खोक्यांच्या घोषणा गाजल्या, तेव्हा कोणाला अर्थ विचारावा लागला नाही. मराठी शिकलेल्या एखाद्या इंग्रजाने शब्दकोश उघडला असता, तर त्याला नुसती रिकामी खोकी दिसली असती.

फार कशाला, आत्याचा पत्ताच पाहा. ती 'लष्करा'त राहते, पण घरात शिपाई कोणी नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास तिथे स्थिरावली, छावणीचे शहर झाले आणि नाव तेच राहिले. 'खासगी' म्हणजे संस्थानिकाच्या घरच्या मिळकतीचे व खर्चाचे खाते. हे ज्याला ठाऊक नाही, तो या पत्त्यातून भलताच अर्थ काढील.

म्हणून माझे मत असे, की भाषा येणे वेगळे आणि त्या भाषेच्या बाजारात वावरणे वेगळे. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील फुलवालीच्या कॉक्नी बोलीत तिची सारी सामाजिक पायरी दिसते. पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' १९७५ साली रंगभूमीवर आली. तिच्यात शब्दाला शब्द नाही. आपल्याच समाजातील बोलींची उतरंड आहे. कन्नड विभागातील मित्रांना टी. पी. कैलासम यांच्या नाटकांतील इंग्रजीमिश्रित कन्नड आठवेल.

कोणी म्हणेल, समजावून सांगितलेला विनोद मरतो. तो एक मरतो हे खरे. पण शब्द एकदा कळला की पुढचे दहा विनोद जिवंत होतात.

प्राध्यापकांना विनंती, की इंग्रजीच्या तासाला शब्द कोण, कोणाशी बोलतो हेही सांगावे. इंग्लंडातील 'पब्लिक स्कूल' म्हणजे भरमसाट फी घेणारी खासगी शाळा. तिथल्या कित्येक कामगार घरांत 'टी' म्हणजे संध्याकाळचे जेवण. आणि मित्रांनो, कळले नाही तर बेलाशक विचारा. विचारणाऱ्याला एकदाच विचारावे लागते. हसण्याचे सोंग मात्र प्रत्येक वेळी नव्याने आणावे लागते.